तव्यावरचं अंडं, ओव्हनमधलं अंडं

अंडं तव्यावर पडावं आणि तव्यावरून थेट बशीत यावं, मधे कुठे थांबू नये, असं माझं फार वर्षांचं मत. आमच्या घरात सकाळची अंडी माझ्याकडे आहेत. बाकीच्या स्वयंपाकात बायकोचा आणि माझा वाटा कमीजास्त होत असतो, पण अंड्यांच्या तव्याला दुसरं कुणी हात लावत नाही. एकेकाला विचारायचं, कसं हवं, तसं करायचं, वाफा निघत असताना समोर ठेवायचं. लेकीला पातळ बलकाचं हाफ फ्राय, बायकोला कांदा-मिरचीचं कडक ऑम्लेट, आईला बिनतिखटाची मऊ भुर्जी. घरच्यांवरची माया मला बोलून दाखवता येत नाही, ती मी अशी वाढत आलो. त्यामुळे अंडी एकदम फेटायची, साच्यात ओतून ओव्हनमध्ये भाजायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि पुढचे दोन-तीन दिवस काढून, गरम करून खायची, ही कल्पनाच मला सहन होत नसे. आता आमच्याकडे रविवारी संध्याकाळी नेमकं हेच चालतं, आणि करणारा मीच असतो. मत का बदललं ते नीट मांडून ठेवावंसं वाटतं, कारण सोय झाली म्हणून ते बदललेलं नाही.

जुन्या मतामागे चांगली कारणं होती आणि ती मला आजही पटतात. पुण्यात माझ्या लहानपणी आम्ही अंडं खाल्लं ते भुर्जीच्या गाडीवर. संध्याकाळी चौकात गाडी लागायची. गॅसबत्तीचा उजेड, जाड लोखंडी तवा, पेल्यात चमच्याने खडखडा फेटलेलं अंडं आणि तव्यावर पडताक्षणी फुगून येणारा त्याचा काठ. आपली पाळी आली की आपलं अंडं आपल्यासमोर फुटायचं. नंतर नोकरीने गोव्यात आलो आणि इथे रस ऑम्लेट भेटलं. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठेही जा, दिवेलागणीला गाडे लागतात. कांदा-मिरची-कोथिंबिरीचं साधं ऑम्लेट, त्यावर चिकन शागुतीचा दाट रस डावभर, वर चिरलेला कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि बाजूला पाव. यात ऑम्लेटच्या कडा कुरकुरीत असतानाच रस पडला पाहिजे आणि रस अंड्यात पुरता मुरायच्या आत पहिला घास तोंडात गेला पाहिजे. पाच मिनिटं उशीर झाला की सगळा प्रकार लिबलिबीत होतो. रस ऑम्लेटवर प्रेम करणाऱ्या माणसाला अंड्याने वाट पाहावी हे कसं पटावं?

साच्यात भाजलेली ही अंडी, म्हणजे एग बाइट्स, आपल्याकडे आली ती अमेरिकेतून. मफिनच्या साच्यात अंडं, सॉसेजचे तुकडे, ढोबळी मिरची, पालक, चीज घालून भाजायची पद्धत तिकडच्या घरांत आधीपासून होती. जानेवारी 2017 मध्ये स्टारबक्सने तिथल्या आपल्या दुकानांत सू-व्हीद पद्धतीचे एग बाइट्स आणले आणि हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. सू-व्हीद म्हणजे अन्न हवाबंद करून, कमी आणि स्थिर तापमानाच्या पाण्यात सावकाश शिजवणं. त्या मऊपणाची लोकांना गोडी लागली आणि घरच्या ओव्हनमध्ये तो साधायची खटपट सुरू झाली. मी पहिल्यांदा हा पदार्थ खाल्ला तो एका हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर. वरून तपकिरी, आतून चिवट, आणि बशीत ठेवला की तळाशी पाण्याचं तळं. माझ्या मताला यापेक्षा भक्कम पुरावा काय हवा होता? अंड्याला ओव्हन मानवत नाही, असं मी त्यानंतर ठामपणे सांगू लागलो.

या मताला पहिला धक्का दिला तो बायकोने. तिची ड्यूटी सकाळी लवकर, लेकीची बस त्याच्याही आधी. आई पूजा उरकून सावकाश येते. मी गॅसपुढे उभा. लेकीचं अंडं जायचं, ती खाऊन उठेपर्यंत बायकोचं तव्यावर. बायको खात असताना मी आईची भुर्जी परतत असायचो. सगळ्यांची पानं गरम, पण एकाही पानाला शेजार नाही. एके सकाळी बूट घालता घालता बायको म्हणाली, "गरम अंडं मिळतं रे, पण तू कधी मिळतोस?" मी हसून उत्तर टाळलं. ऑफिसला जाताना पुलावरच्या गर्दीत अडकलो आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. तरीही त्यावर ओव्हन हे उत्तर असेल असं काही मला सुचलं नव्हतं.

ते सुचलं खालच्या मजल्यावरच्या आंटींमुळे. आंटी सत्तरीच्या आहेत, माहेर सासष्टीतलं. उन्हाळ्यात घरी चोरीस करणारी जी थोडी घरं उरली आहेत त्यांत त्यांचं माहेर आहे. गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले, त्यांच्या सोबत त्यांचं शोरिसु आलं. त्यांच्याकडे त्यात वाइन आणि लसूण, इथे आल्यावर वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, थोडी फेणी आली. लाल मिरची तर पोर्तुगिजांनीच अमेरिका खंडातून इकडे आणलेली. ती इतकी सढळ पडू लागली की मूळच्या शोरिसुने आपलं हे नातलग ओळखलं नसतं. डुकराचं मांस चरबीसकट हाताने बारीक चिरायचं, मीठ लावून वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढायचं, मग मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद व्हिनेगरमध्ये वाटून त्यात मुरवायचं. नंतर साफ केलेल्या आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारत मणी मणी करायचे आणि कडक उन्हात वाळवायचं. काही घरांत चुलीवर टांगून धूरही देतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा टांगलेल्या दिसतात. त्यांच्याखालून चालताना व्हिनेगर आणि धुराचा जो वास येतो तो मला गोव्याचा वास वाटतो.

त्या दिवशी आंटींनी मला अशीच एक माळ दिली होती. मी दारात उभा राहून त्यांना ताज्या अंड्याचं महत्त्व सांगत होतो. विषय कसा निघाला आठवत नाही; बहुधा त्यांनीच विचारलं असेल की सकाळी तुझ्या तव्याचा आवाज इतका वेळ का येतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माळेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मे महिन्यातलं आहे, बाबा. आता ऑगस्ट. तू उद्या ऑम्लेटमध्ये घालशील, चांगलं झालं म्हणशील. याला कधी शिळं म्हणालास?"

मला उत्तर सुचलं नाही. गोव्यात पावसाळ्याआधी पुरुमेंत भरायची रीत आहे. भर पावसाळ्यात मासेमारी जवळजवळ थांबते, बाजाराला जाणं पूर्वी अवघड होतं, म्हणून मे महिन्यात सुकी मासळी, चिंचेचे गोळे, सोलं, मिरच्या, कांद्याच्या माळा आणि चोरीस घरात यायचं. महाराष्ट्रातल्या घरांतही उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड, लोणची होतातच की. माझ्या आजीने मे महिन्यात गच्चीवर वाळवणं घातली ती श्रावणातल्या पानासाठी. तिने त्या उन्हात जे हाल काढले त्यात आमच्याविषयी माया कमी होती असं म्हणायची माझी छाती नाही. मग अंडं रविवारी शिजवून बुधवारी वाढलं तर त्यात माया कुठे आटते? मी ज्याला ताजेपणाचा आग्रह म्हणत होतो, त्यातला काही भाग मी स्वतः समोर उभा असण्याचा होता. खाणाऱ्याला त्यातून किती मिळतं हे मी विचारलंच नव्हतं. आणि जिला विचारायला हवं होतं तिने बूट घालताना आपणहून सांगितलं होतं.

अर्थात मन वळलं तरी जीभ वळायला हवी होती. हॉटेलातलं ते चिवट प्रकरण मी घरी कुणाच्या पानात वाढणार नव्हतो. म्हणून मी अंडं मुळापासून समजून घ्यायला बसलो, आणि खरं मतांतर तिथे झालं.

अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. प्रथिनं साधारण बारा-तेरा टक्के. पांढऱ्या भागातली काही प्रथिनं 60-62 अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागतात, बलक 65 च्या पुढे दाटतो आणि 70 च्या सुमारास धरतो. पांढऱ्यात सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन मात्र जवळजवळ 80 अंशांपर्यंत दम धरतं. उष्णतेने प्रथिनांचे गुंडाळलेले धागे सुटतात, एकमेकांना अडकतात, त्यांची जाळी होते आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. तोवर अंडं मऊ, रसदार. त्यानंतरही आच लागत राहिली तर जाळी आवळत जाते आणि धरलेलं पाणी बाहेर टाकते. हॉटेलच्या बशीतलं तळं हे होतं. ओव्हनचा त्यात दोष नव्हता. जास्त तापमान आणि जास्त वेळ यांचा होता. तव्यावर मी हेच सांभाळत असतो. तवा दीडशे-दोनशे अंशांवर तापलेला असतो, पण ऑम्लेट पातळ असतं, काम काही क्षणांचं असतं आणि माझे डोळे त्याच्यावर असतात. चार-पाच सेंटिमीटर खोल वाटीत ते जमत नाही. आच बाहेरून येते, कडेचं अंडं ऐंशीच्या पुढे गेलेलं असतं तेव्हा मधलं अजून कच्चं असतं. कडक ओव्हनमध्ये मधलं शिजेपर्यंत कड रबरी होणारच.

म्हणजे हवी होती ती मंद, सगळीकडून सारखी आच. आणि अशी आच अंड्याला देणारे लोक आपल्या शेजारीच राहतात. पारशी लोकांचं 'पर ईडू' मी मुंबईत अनेकदा चवीने खाल्लेलं आहे. खाली परतलेली भेंडी किंवा टोमॅटो किंवा बटाट्याची सळी, तिच्यात खळगे करून वर अंडी फोडायची, झाकण ठेवायचं, आच अगदी कमी करायची. वाफेवर पांढरं हळूच धरतं. इराणात अंड्यात ढीगभर हिरवा पाला घालून कुकू करतात, जपानात वाटीत अंडं आणि रस्सा घालून वाफवतात ते चावानमुशी. भाजी, मांस आणि अंडं एकत्र सावकाश शिजवणं ही गोष्ट स्टारबक्सच्या किती तरी आधीची आहे. पर ईडू समोर ठेवून खाणारा मी, अंड्याला झाकण आणि सबुरी मानवते हे माझ्या जिभेला माहीत होतं, फक्त मी त्याचा विचार केला नव्हता.

घरच्या ओटीजीत ही मंद आच कशी मिळवायची? पाण्याने. ओटीजीबरोबर मिळणाऱ्या पसरट ट्रेमध्ये बोटभर उकळतं पाणी ओतायचं आणि सहा खणांचा मफिन साचा त्यात ठेवायचा. पाणी शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे वाट्यांचं बूड जपलं जातं. वर वाफ असते, पृष्ठभाग कोरडा पडत नाही. तापमान 150 अंश. आमच्या ओटीजीत मागचा डावा कोपरा जास्त तापतो, म्हणून अर्ध्या वेळेनंतर मी साचा फिरवतो. प्रत्येक ओटीजीचा असा एक कोपरा असतो, तो शोधून काढावा लागतो.

चोरिसाचा स्वतंत्र अभ्यास करावा लागला. इथे परदेशी कृती कामी येत नाही, कारण तिकडच्या नाश्त्याच्या सॉसेजमध्ये सेज नावाचा पाला आणि मिरी असते, व्हिनेगर नसतं. आंबट पदार्थ लागला की अंडं कमी तापमानालाच घट्ट होतं. चोरीस तसंच कापून अंड्यात टाकलं की प्रत्येक तुकड्याभोवती अंड्याचे बारीक कण होतात, वाटी फाटल्यासारखी दिसते. उपाय साधा आहे. आतडं सोलून काढायचं, आतलं मांस मोकळं करून अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर शिजवायचं. पाणी आटतं, त्याबरोबर आंबटपणाची धारही पुष्कळ उतरते, आणि मग तांबडी लालभडक चरबी सुटते. मांस त्या चरबीत दोन मिनिटं परतायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम टाकलं तर अंडं साच्यात जायच्या आधीच शिजायला लागतं. ती लाल चरबी मी फेकत नाही. थोडी भाज्यांना, थोडी साच्याला. अंड्याची प्रथिनं धातूला घट्ट चिकटतात, कागदाच्या वाट्यांना तर त्याहून. साच्याच्या कानाकोपऱ्यात चरबी नीट लागली की वाट्या न मोडता निघतात. शिवाय कडेला जो लालसर रंग आणि खमंगपणा येतो तो लोण्याने येत नाही.

भाज्यांबद्दल मी आग्रही झालो आहे. कच्ची भाजी अंड्यात घालायची नाही. मशरूम, पालक, टोमॅटो, दुधी यांच्यात पाणीच पाणी. ओव्हनमध्ये ते सुटतं आणि अंड्याची जाळी धरू देत नाही. आधी मिठावर परतायच्या, पाणी उडून गेल्यावर गार करायच्या, मगच घ्यायच्या. ढोबळी मिरची आणि कांदा चोरिसाबरोबर छान जातात, पण माझी आवडती जोडी तांबड्या माठाची. इथे तिला तांबडी भाजी म्हणतात. बारीक चिरून, लसणीवर परतून, घट्ट पिळून घातली की चोरिसाच्या तिखटाला तिचा मातकट गोडवा उत्तर देतो. शेवग्याचा कोवळा पालाही चांगला लागतो. पावसाळ्यात गोव्याच्या रानात वारुळांवर अळमी, म्हणजे रानमशरूम, उगवतात आणि पानांच्या पुड्यांत बाजारात येतात, भाव ऐकून छाती दडपावी इतक्या महाग. त्या मी ओव्हनमध्ये घालणार नाही. त्यांना तवाच हवा, आणि हे माझं मत बदलण्याची शक्यता दिसत नाही.

सहा वाट्यांसाठी माझं प्रमाण असं आहे: मोठी अंडी पाच, पनीर 60 ते 70 ग्रॅम, दूध तीन चमचे, तांदळाची पिठी एक लहान चमचा, शिजवून गार केलेलं चोरीस आणि भाजी मिळून पाऊण वाटी. पनीर आणि दूध मिक्सरमध्ये गुळगुळीत करायचं; अमेरिकेत यासाठी कॉटेज चीज घेतात, आपल्याकडच्या मऊ ताज्या पनीराने तेच काम होतं. दुधाच्या पदार्थाने अंड्यातली प्रथिनं एकमेकांपासून थोडी दूर राहतात, धरायला जास्त उष्णता लागते, म्हणजे आपल्याला सावरायला वेळ मिळतो. पिठी त्याचसाठी, तिच्यातला स्टार्च जाळी फार आवळू देत नाही. अंडी हाताने फेटायची, फेस काढायचा नाही. मिक्सरमध्ये फार फिरवली की हवा भरते, वाट्या ओव्हनमध्ये टोपीसारख्या फुगतात आणि बाहेर काढल्यावर सुरकुतून बसतात. थोडं बसणारच, वाफ निवली की बसणं हा त्यांचा धर्म आहे. मीठ बेताने, कारण चोरिसात भरपूर असतं. तिखट अजिबात घालायचं नाही.

पाण्याच्या ट्रेमध्ये पंचवीस मिनिटांत आमच्या वाट्या होतात. साचा हलकेच हलवला की कड स्थिर आणि मध्यभाग जरासा थरथरणारा असेल तेव्हा ओव्हन बंद करायचा. उरलेलं काम आतली धग करते. आईसाठी करताना मी थर्मामीटर खुपसून मध्यभाग 71 अंशांच्या वर गेल्याची खात्री करतो, कारण अंडं आणि डुकराचं मांस दोन्हींच्या बाबतीत तो सुरक्षिततेचा आकडा धरतात. 1200 वॅटचा ओटीजी तापवण्यासकट पाऊण तास सलग चालला तरी 0.9 युनिट वीज लागते. विजेच्या खर्चाची भीती मला होती, ती या हिशेबाने गेली.

आणि माझा जो मुख्य आक्षेप होता, की एकदम केलेल्या अंड्यात 'कसं हवं' हा प्रश्नच उरत नाही, त्याला उत्तर साच्यानेच दिलं. खण सहा आहेत. मी अंड्याचं मिश्रण साधं ठेवतो आणि मसाला-भाजी प्रत्येक खणात वेगळी घालतो. लेकीच्या दोन खणांत चोरीस जास्त आणि भाजी नावाला, बायकोच्या खणांत तांबडी भाजी आणि हिरवी मिरची, आईच्या दोन्हींत चोरीस अजिबात नाही, नुसता परतलेला कांदा, कोथिंबीर आणि किसलेलं गाजर, आणि ते खण मी लोणी लावून घेतो, चरबी लावत नाही. माझ्यासाठी दुसरी खेप लागते, ती मी लावतो. रविवारी संध्याकाळी लेक माझ्या शेजारी उभी राहून ठरवते कुठल्या खणात काय. पूर्वी सकाळी झोपेत ती "काहीही चालेल" म्हणायची; आता तिला मतं आहेत, ढोबळी मिरची लाल हवी की हिरवी यावर ती वाद घालते. तव्यावर हा संवाद कधी झाला नसता. तव्यापुढे मला वेळ नव्हता आणि तिला जाग नव्हती.

सोमवारी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की मी खाली जाऊन पोयी, म्हणजे कोंड्याचा पाव, घेतो, वर येईपर्यंत वाट्या गरम झालेल्या असतात. गरम करणं हेही नीट करायला हवं. मायक्रोवेव्ह पूर्ण ताकदीवर लावला तर रविवारची सगळी सबुरी एका मिनिटात वाया जाते. अर्ध्या ताकदीवर, ओलसर कापड झाकून, मिनिटभर. किंवा इडलीच्या भांड्यात दोन-तीन मिनिटं वाफेवर, ही माझी आवडती रीत. पोयी मधून उघडायची, वाटी आत दाबायची, चोरिसाची चरबी गव्हाच्या कोंड्यात उतरते. लेकीची बस येईपर्यंत आम्हाला पंधरा मिनिटं मिळतात, आणि मी त्या पंधरा मिनिटांत बसलेला असतो. आईने पूजेची वेळ अलीकडे घेतली, कुणी न सांगता. टेबलावर फार थोर काही बोलणं होत नाही. शाळेतली भांडणं, दवाखान्याच्या तारखा, पाण्याचा टँकर कधी येणार.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी थांबायचं कारण नाही. स्टीलच्या लहान वाट्यांना तूप लावून, वर कागद किंवा झाकण ठेवून इडलीपात्रात मंद आचेवर वाफवलं तर मऊपणा ओव्हनइतकाच येतो, वरचा खमंग रंग तेवढा येत नाही. आप्पेपात्रात मात्र करू नये. ते पुन्हा तवाच झालं, कड आधी आणि मध्य नंतर. साठवणीचा नियम एकच पाळावा: ओव्हनमधून काढलेल्या वाट्या दोन तासांच्या आत, आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर तासाभरात, फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत आणि तीन-चार दिवसांत संपल्या पाहिजेत. चोरीस मे ते ऑगस्ट टिकतं ते मीठ, व्हिनेगर, ऊन आणि धूर यांच्या जोरावर. ते बळ अंड्यात नाही, आणि पुरुमेंताचा दाखला देऊन कुणी आठ दिवसांची वाटी खाऊ नये.

पुण्याच्या एका जुन्या मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो गप्प झाला. भुर्जीच्या गाडीवर माझ्याबरोबर उभा राहिलेला तो. "म्हणजे तू आता अंडी फ्रिजातून खातोस," एवढंच म्हणाला. त्याच्या स्वरातला पक्षपात मला पूर्ण कळला, कारण तो माझाच होता. त्याला मी म्हणालो, शनिवारी आमच्याकडे ये, तवा आहे. शनिवार आणि रविवार सकाळी कुणालाच घाई नसते. तेव्हा हाफ फ्राय होतं, भुर्जी होते, एकेकाला विचारून होते. संध्याकाळी म्हापशाच्या गाड्यावर जाऊन रस ऑम्लेटही खाऊ, उभ्याने, वाफ निघत असताना. त्यातलं काहीच मी सोडलेलं नाही.

सध्या डोक्यात सोडे आहेत. आंटींच्याच पुरुमेंतातले, मे महिन्यात वाळवलेले. चोरीस न खाणाऱ्या आईसाठी काहीतरी दमदार हवं, आणि कोकणातल्या तिच्या माहेरी सोडे घालून काय काय होत नसे. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, पिळून, कांद्यावर परतून घातले तर खारटपणा किती उरेल आणि आमसुलाच्या आंबटाने अंडं फाटेल का, हे बघायचं आहे. आमसूल बहुधा वगळावं लागेल. त्याऐवजी ओलं खोबरं. आईला विचारलं तर ती म्हणाली, आधी एकाच खणात कर.